साळवे आणि खरात

मिनल खरात दुसऱ्यांदा आली तेव्हाही मी सांगितलं, "सापडत नाही गं." तारामाशाचा जीवाश्म माझ्या बॅगेत, शालीखाली होता.

बाबांना जाऊन तीन महिने झाले होते आणि त्यांचं घर आवरायला मी चिंचवडला राहत होते. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर, इंग्लंडमधल्या एका मित्राने दिलेल्या खडूच्या ढेकळातून त्यांनी तो सुईने मोकळा केला होता. डायनोसॉरांच्या, क्रिटेशस काळातला, तळहाताएवढा, कडेने जाड चौकोनी तुकड्यांची किनार असलेला. या जातीचं वर्णन अजून कुणीच केलेलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी मिनलला फोन केला. मला नाही.

ती त्यांची जुनी विद्यार्थिनी. चाकणला कंपनीत नोकरी, आणि दर रविवारी निघोज्याहून इथे. मी माणहून कधीमधी यायचे. टेबलावर दोन कप असायचे, दोन डोकी भिंगावर वाकलेली, आणि बाबा म्हणायचे, "जरा थांब हं, एवढं होऊ दे."

वर्णन आता मिनलने पूर्ण केलं होतं. पण मूळ नमुना संग्रहालयात जमा झाल्याशिवाय ते छापून येणार नव्हतं. छापलं, की जातीच्या नावापुढे वर्णन करणाऱ्यांची आडनावं कायमची लागतात. साळवे आणि खरात. मी लग्नानंतर वाघमारे झाले.

"ताई, सरांच्या खोलीत मी बघू का?"

"मी बघितलंय. आणि त्या खोलीतलं माझ्यापेक्षा तुलाच जास्त ठाऊक. तूच सांग कुठे असेल."

ती म्हणाली, "माझं नाव काढते. एकट्या सरांचं राहू दे. पण तो मिळायला हवा, ताई. नाहीतर त्यांचं सगळं काम वाया जाईल."

इतक्या सहज म्हणाली. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. नावावाचून जिचं भागतं, तिला बाबांकडून किती मिळालं असेल.

मी आत गेले, तो काढला आणि तिच्यापुढे धरला. कुठे होता, हे तिने विचारलं नाही.

"दोन्ही नावं राहू देत," मी म्हणाले. "उपकार नकोत."

तिने तो ओंजळीत घेतला, आणि खाली न बघता, नुसत्या अंगठ्याने चाचपून पालथा केला.

"याचं तोंड खालच्या बाजूला असतं," ती हळू आवाजात म्हणाली.

तीन महिने मी तो रोज हातात घेऊन बसत होते. उताणा.