कललेल्या खांबाचं गाव

ओळंब्याला राग यायला फारसं काही लागत नसे. तिरकी बसवलेली फरशी, ओल्या भिंतीवर मारलेला रंग, नाहीतर कुणाचं नुसतं 'होतंय हो' पुरे व्हायचं. भिंत सरळ आहे की नाही हे पाहायचं दोरीचं वजन त्याच्या खिशात कायम असायचं, त्यावरूनच हे नाव पडलं. कुणाकडं गेला की पाणी प्यायच्या आधी दाराच्या चौकटीला तो ते लावून बघायचा, आणि चौकट चुकली असेल तर घरमालकाच्या तोंडावर सांगायचा. त्यामुळं लोक त्याला कामाला बोलवत, जेवायला फारसं बोलवत नसत.

तर अशा माणसाला, दगडात चाळीस वर्षं घातलेल्या गवंड्याला, देवस्थान समितीच्या बैठकीत कळलं की देवळातला खांब सरळ करायचं ठरलं आहे.

सांगणारा समितीचा अध्यक्ष, आणि तो नेमका त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. दुसरा कुणी असता तर ओळंब्यानं तिथल्या तिथं त्याची सालटी काढली असती. पण दाजी म्हटलं की निम्मे शब्द गिळावे लागतात. अध्यक्षांनी चष्मा पुसत कागद वाचून दाखवला. वारसा यादीत देऊळ घालायचं तर सरकारी माणसं पाहायला येणार, त्यांच्या नजरेला वाकडं काही पडायला नको. शहरातला कंत्राटदार ठरवला आहे. तो तुळईखाली जॅक लावून छत बोटभर उचलेल, खांब मोकळा करेल आणि सरळ उभा करेल. दोन दिवसांचं काम. शिवाय खांब सरळ झाला की गावाच्या नावालाही अर्थ राहत नाही, तेव्हा नवं, कानाला गोड लागेल असं नाव मिळावं म्हणून अर्ज लिहून तयार आहे.

कारण गावाच्या नावाचा अर्थच मुळी कललेला खांब. सभामंडपातला मागच्या बाजूचा चौथा खांब चांगला वीतभर मागच्या भिंतीकडं झुकलेला आहे, आणि देऊळ आहे तेव्हापासून तसाच आहे. परगावच्या लोकांना ही फुकटची करमणूक. गावाचं नाव सांगितलं की समोरचा मान तिरकी करून दाखवणार, हे ठरलेलं. तीन वर्षांपूर्वी अध्यक्षांच्या मुलीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा मुलाचा बाप म्हणाला होता, "अशा गावची मुलगी आमच्या घरात सरळ चालेल ना?" बैठकीची खोली हसली होती. ते स्थळ मोडलं. तेव्हापासून अध्यक्षांनी खांबावर डूख धरला होता.

ओळंब्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तरी त्यानं आधी समजावून सांगितलं, हे त्याच्या बाजूनं नोंदवायला हवं. देवळाच्या पाठीला डोंगर आहे. दर पावसाळ्यात तिथली माती फुगते आणि मागच्या भिंतीला पुढं ढकलते. बांधणाऱ्यांची भिंत त्यामुळं दोनदा ढासळली. तिसऱ्या वेळी त्यांनी हा खांब मुद्दाम तिरका रोवला. बाहेरून कुणी दार लोटत असेल तर आतला माणूस खांदा लावून उभा राहतो, तसा. खांब पडत नाहीये, तो डोंगराला रेटतोय. हे त्याला बापानं सांगितलं होतं, बापाला आजानं. आणि बांधणाऱ्यांपैकी एकालाही लिहिता येत नव्हतं. आपण मेल्यावर कुणी दीडशहाणा येऊन खांब सरळ करेल, ही भीती तर होतीच. मग निरोप ठेवायचा कुठं? त्यांनी तो गावाच्या नावात ठेवला. ते नाव सगळ्यांच्या तोंडी रोज येणार, म्हणजे हरवायची सोय नाही.

"ते नुसतं नाव नाही, दाजी. ताकीद आहे," तो म्हणाला. "खांब कललाय, त्याला हात लावू नका, एवढंच त्यात सांगितलंय."

अध्यक्षांनी विचारलं की याला काही लेखी पुरावा आहे का. ओळंबा म्हणाला, त्यांना लिहिता आलं असतं तर त्यांनी अख्ख्या गावाचं नाव कशाला खर्ची घातलं असतं. यावर सगळे हसले. मग हात वर करायला सांगितलं, आणि खाली राहिला तो एकट्या ओळंब्याचा. ज्यांच्या पोटमाळ्यापासून संडासापर्यंत सगळं त्यानं बांधून दिलं होतं, त्या लोकांनी शहरातल्या एका कंत्राटदारावर विसंबून त्याला वेड्यात काढलं. तो उठून गेला, आणि जाताना दार असं आपटलं की भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं.

काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्यानं मागच्या भिंतीतल्या पाच बारीक भेगांवर चुन्यात काचेच्या पट्ट्या बसवल्या. ही गवंड्यांची जुनी रीत. भिंत केसभर हलली तरी काच तडकते, आणि मग वाद घालत बसावं लागत नाही.

सकाळी जॅक लागले. कंत्राटदाराच्या माणसानं दांडा फिरवला आणि छताखाली दगड कुरकुरला. ओळंबा भिंतीपाशीच उभा होता. पहिली काच टचकन तडकली. त्यानं थांबायला सांगितलं. कंत्राटदार म्हणाला, काचच ती, तडकायचीच. दुसरी तडकली. तुळईतून मूठभर धूळ गळली. मंडपात उभे असलेले अध्यक्ष हात मागं बांधून म्हणाले, "चालू ठेवा."

ओळंब्यानं दांडा धरला. दोघा कामगारांनी त्याला दंडाला धरून मागं ओढलं, आणि सगळ्या गावादेखत अध्यक्ष म्हणाले, "याला बाहेर नेऊन बसवा." बायकोच्या भावाला. एखादं कुत्रं हाकलावं तसं. ओळंब्याच्या तोंडातून शब्द फुटेना, इतका तो संतापला होता.

ताई, म्हणजे त्याची थोरली बहीण, रोजच्यासारखी मंडप झाडायला आली होती. तिनं केरसुणी भिंतीला टेकवली, सरळ चालत चौथ्या खांबापाशी गेली आणि त्याला पाठ लावून खाली बसली. डोक्यावर उचललेली तुळई होती. कामगारानं दांड्यावरचा हात काढला.

"ऊठ तिथून," अध्यक्ष म्हणाले.

"तुम्ही चालू ठेवा ना. मी बसलेय."

"हे घरातलं भांडण नाही."

"घरातलंच आहे." तिचा आवाज चढलासुद्धा नाही. "त्या दिवशी पाहुणे पोरीला हसले, तेव्हा तुम्हीही त्यांच्याबरोबर हसलात. ती चहाचा ट्रे घेऊन समोर उभी होती. स्थळ त्यांनी नाही मोडलं. तिनं मोडलं. ज्या लोकांबरोबर आपला बापसुद्धा आपल्याला हसतो, त्यांच्या घरात मला जायचं नाही, असं ती मला म्हणाली. तीन वर्षं मी हे पोटात ठेवलंय. आणि तुम्ही खांबाला सरळ करायला निघालात."

अध्यक्षांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. ते कंत्राटदाराला म्हणाले की जॅक काढा.

"एकदम काढलात तर सगळे गाडले जाल," ओळंबा ओरडला. आता शब्द सापडले होते, आणि त्यानं कंत्राटदाराला त्यातले निवडक ऐकवले. मग ताईला बाहेर काढून त्यानं स्वतः दांडा घेतला. पाव फेरा, मग भिंतीवर नजर, मग पुन्हा पाव फेरा. छत जागेवर बसायला दुपार टळली. त्यानं खांबाच्या बुडाशी पाचरी ठोकल्या आणि माप घेतलं.

अध्यक्ष तोवर पायरीवरच बसून होते. त्यांनी हळूच विचारलं, "झाला का पहिल्यासारखा?"

त्यांना बरं वाटेल असं काहीतरी सांगता आलं असतं. ओळंब्याला ते सुचलं नाही आणि सुचायलाही नको होतं. "नाही. होता त्यापेक्षा सूतभर सरळच राहिला. आता तसाच राहणार. पुढचे पावसाळे भिंत काय करते ते मला रोज येऊन बघावं लागणार, आणि माझ्यानंतर दुसऱ्या कुणाला."

अध्यक्षांनी खिशातून नावाचा अर्ज काढला आणि फाडायला घेतला. ओळंब्यानं त्यांचं मनगट धरलं. दाजींना त्यानं जन्मात कधी हात लावला नव्हता.

"फाडू नका. घरी न्या, पोरीपुढं वाचा आणि तिला काय वाटतं ते विचारा. तीन वर्षांत तिला कुणी एक शब्द विचारलेला नाही."

अध्यक्षांनी कागदाची घडी घातली. पायऱ्या उतरले, चपला घातल्या आणि समितीच्या कार्यालयाच्या दिशेनं चालू लागले.

"दाजी," ओळंब्यानं मागून हाक मारली, "घर इकडं आहे."

अध्यक्ष थांबले. पण मागं वळायला त्यांना बराच वेळ लागला.