मला कापायला निघालेला मेळावा

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी गोड स्वभावाची मोटार नाही. बाटलीच्या काचेसारखा हिरवा रंग, गोल पाठ आणि लांब नाक पाहून लहान मुले मला ‘छान आजीबाई’ म्हणतात. म्हणू द्या. या आजीबाईने एका माणसावर सूड उगवला आहे, आणि तो कसा, हे तुम्हांला सांगितल्याशिवाय तिला चैन पडायचे नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझी दारे बसवणारी बाई फार चिकित्सक होती. दार लागताना ‘ठप्प’ असा भरीव आवाज यायला हवा, अशी तिची शिस्त. माझे पुढचे दार तिने सात वेळा काढून पुन्हा बसवले. मला वाटते, माझा हट्टी स्वभाव तिच्याकडूनच आला असावा.

मला विकत घेतले एका डॉक्टरीणबाईंनी. वाळवंटातल्या वस्त्यांवर जाऊन मुलांना लस टोचायची, हे त्यांचे काम. माझ्या मागच्या सीटवर लशीची पेटी, पायाशी पाण्याचे डबे आणि पुढे स्वतः बाई. आम्ही सव्वीस वर्षे अशी काढली. वाळवंटात कसे वागायचे ते त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नव्हते. त्या उजाडताच निघत आणि भर दुपारी मला खडकाच्या सावलीत उभी करत. वाळू लागली की चाकांतली थोडी हवा सोडत, म्हणजे चाके पसरट होतात आणि रुतत नाहीत. आणखी एक गोष्ट त्या करत. फार तापले की जुन्या गाडीत पेट्रोलची नळीतच वाफ होते. मग इंजिन खोकते आणि बंद पडते. त्यासाठी बाईंनी माझ्या पेट्रोलच्या पंपाशेजारी एक लोखंडी कडी लावून घेतली होती. तिला त्या ओले गोणपाट बांधत आणि म्हणत, “हं, झाली का गार? चल गं बये, पोरं वाट बघतायत.”

त्या म्हातारपणी आजारी पडल्या, तेव्हा त्यांनी आपल्या भाच्याला बोलावून घेतले. हा भाचा गाडी शिकला तोही माझ्यावरच. माझे गिअर करकरा वाजवून त्याने मला किती छळले असेल! पण घरचा मुलगा म्हणून मी सगळे सोसले होते.

“ढब्बू,” बाई म्हणाल्या, “हिला महिन्यातून एकदा तरी फिरव. नुसती उभी ठेवलीस तर मरेल ती.”

“मावशी, काळजीच सोड. तळहातावरच्या फोडासारखी जपतो हिला.”

मी खिडकीखालीच उभी होते. शब्दन् शब्द ऐकला.

बाई गेल्या आणि वर्षाच्या आत भाच्याने एक मलई रंगाची, माझ्याहून देखणी मोटार आणली. जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा क्लब काढला आणि स्वतः अध्यक्ष झाला. मलईबाईला शोभतील म्हणून त्याने माझे दोन्ही दिवे काढून तिला लावले. मग माझा भोंगा नेला. मग नाकावरची नावाची पट्टी. मला टिनाच्या शेडमध्ये ढकलले आणि माझ्या अंगावर रिकामी खोकी रचली. चाकांतली हवा हळूहळू निघून गेली. नऊ वर्षे मी तिथे आंधळी आणि मुकी उभी होते. शेडचा चौकीदार तेवढा सकाळचा चहा झाला की माझ्या नाकाखालचे हँडल दोन-चार फेरे फिरवी. माझ्यावर माया होती म्हणून नव्हे हो, दंडाला व्यायाम म्हणून! पण त्यामुळे माझे इंजिन जाम झाले नाही.

त्या नऊ वर्षांत मी एकच गोष्ट जपली, राग.

यंदा क्लबचा वार्षिक मेळावा वाळवंटातल्या एका आलिशान रिसॉर्टमध्ये भरवायचे ठरले. त्याची बैठक आमच्या शेडमध्ये झाली. टेबल नव्हते, म्हणून खोकी बाजूला सारून नकाशा माझ्याच बॉनेटवर पसरला. एका बाजूला अध्यक्ष, दुसऱ्या बाजूला हातात यादी घेतलेल्या सेक्रेटरीबाई.

“मिरवणूक दुपारी ठीक बाराला,” अध्यक्ष म्हणाले. “गेटपासून मोठ्या टेकडीपर्यंत आणि परत. चार किलोमीटर.”

“बाराला? अहो अध्यक्ष, ऊन किती असेल!”

“म्हणून तर! बाराच्या उन्हात क्रोम जसा चमकतो तसा कधीच चमकत नाही. फोटो बघाल तर बघतच राहाल. आणि गाड्या अगदी सावकाश चालवायच्या, मुंगीच्या चालीनं. फोटोग्राफर पुढे चालत असेल.”

“गाड्या तापतील ना पण.”

“बाई, गाड्या आहेत, आइस्क्रीम नाहीत! आणि चाकांत हवा टाइट भरायला सांगा सगळ्यांना. ढिल्या चाकांची गाडी फोटोत म्हातारी दिसते.”

सेक्रेटरीबाईंनी निमूटपणे लिहून घेतले. त्या क्लबातल्या एकोणीस गाड्या वर्षभर गालिच्यावर उभ्या असत आणि थंडीतल्या सकाळी चौकापर्यंत जाऊन परत येत. वाळवंट त्यांच्या मालकांनी फक्त कॅलेंडरवर पाहिले होते. पुढे काय होणार, हे त्या शेडमध्ये एकट्या मला कळत होते. मित्रांनो, खरे सांगते, मला वाचा असती तरी मी तोंड उघडले नसते.

“नियम तोच ना?” सेक्रेटरीबाईंनी विचारले. “दोरीनं ओढत आणलेली गाडी गेटच्या बाहेर?”

“अर्थात. नियम मीच केलाय. स्वतःच्या चाकांवर गेटातून आत येईल तीच क्लबची गाडी. बाकीच्यांनी बाहेर उभं राहायचं.”

मग अध्यक्षांनी माझ्या बॉनेटवर थाप मारली. “आणि सरबताच्या टेबलाचं मी ठरवलंय. ह्या भंगाराचं छप्पर कापून टाकायचं. डिकीत बर्फ, बॉनेटवर पेले. पाहुणे खूश! रिसॉर्टवर वेल्डर आहे, तो तिथेच कापून देईल.”

“पण ही तुमच्या मावशींची ना?”

“मावशीलाही सरबत आवडायचं,” असे म्हणून ते हसले.

मलाच कापायचे आणि माझ्याच पोटात बर्फ भरायचा! त्या हसण्याचा मी मनाशी पक्का हिशेब ठेवला.

मेळाव्याच्या सकाळी ट्रकने मला रिसॉर्टच्या मागच्या अंगणात उतरवले. तिथला वेल्डर म्हणजे चाळिशीची एक बाई होती. भाजल्याच्या खुणांनी भरलेले हात, कपाळावर सरकवलेला काळा चष्मा. तिने गॅसची नळी जोडली, पण कटर पेटवला नाही. आधी ती पेट्रोलची टाकी बघायला खाली वाकली, कारण टाकीत थेंबभर पेट्रोल असले तरी भडका उडतो. मग तिने बॉनेट उघडले. कारागिराचा हात तो, गप्प बसतो थोडाच! हँडल फिरवून पाहिले तर इंजिन फिरले. तिने आपल्या जनरेटरची बॅटरी जोडली, डब्यातून थोडे पेट्रोल ओतले आणि पुन्हा हँडल मारले.

मी दोनदा शिंकले आणि सुरू झाले!

आवाज ऐकून सेक्रेटरीबाई धावत आल्या.

“बाई, ही जिवंत आहे,” वेल्डरबाई म्हणाली. “जिवंत गाडी नाही कापत मी.”

“अहो, अध्यक्षांनी सांगितलंय. मिरवणूक परत यायच्या आत टेबल तयार हवं. नाही जमत तर तसं सांगा, दुसरा माणूस बोलावते.”

 दुसरा माणूस आला तर तो मला कापणारच, हे वेल्डरबाईलाही समजले आणि मलाही. तिने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि मग पुन्हा वर केला. “ही पंपाजवळची कडी कशाला आहे, तेवढं मला समजू दे. मग बघू.”

तेवढ्यात सेक्रेटरीबाईंचा फोन वाजला. अध्यक्षांचा आवाज इतका चढला होता की मला तो इंजिनाच्या घरघरीतही ऐकू आला.

“सगळ्या बंद पडल्या! टेकडीजवळ! माझी आधी, मग तिच्यामागे सगळ्या. ज्यांनी बाजूनं काढायला बघितलं त्या वाळूत रुतल्या. पाणी पाठवा, लवकर! नात आहे माझ्याबरोबर!”

“ट्रक बर्फ आणायला गेलाय,” सेक्रेटरीबाई रडवेल्या झाल्या. “दुसरी गाडीच नाही इथे.”

“ही काय उभी आहे!” वेल्डरबाईने एक गोणपाट पाण्यात बुचकळले, पंपाला गुंडाळून त्या कडीला घट्ट बांधले आणि हसली. “अस्सं! त्यासाठी आहेस होय तू?”

पाण्याचे डबे माझ्या मागच्या सीटवर चढले आणि आम्ही निघालो. नऊ वर्षांच्या हेळसांडीने माझी चाके अर्धवट बसली होती. मित्रांनो, गंमत बघा, नेमकी तशीच चाके वाळूला हवी असतात! अध्यक्षांच्या दुर्लक्षानेच मला वाळूवर तरंगत नेले.

टेकडीपाशी एकोणीस गाड्या उन्हात झगमगत उभ्या होत्या. क्रोम खरोखरच फार सुंदर चमकत होता. माणसे गाड्यांच्या सावलीत उकिडवी बसली होती. अध्यक्षांनी मला पाहिले आणि त्यांचा चेहरा फोटो काढण्यासारखा झाला. नातीला पाणी पाजून होताच त्यांनी माझे दार उघडले.

“उतरा तुम्ही. मी चालवतो. माझीच आहे ती.”

ते स्टिअरिंगवर बसले मात्र, मी बंद पडले. वेल्डरबाईने हँडल मारले, मी सुरू झाले. त्यांनी गिअर टाकला, मी पुन्हा बंद. तिसऱ्यांदा तर मी त्यांच्या तोंडावर धूरच सोडला.

नात खुदकन हसली. “आजोबा, ती तुमच्यावर रुसलीय.”

“गाड्या रुसत नसतात, राणी.”

“मग ही माझ्यासारखी का वागतेय?”

शेवटी वेल्डरबाई स्टिअरिंगवर बसली, नात तिच्या शेजारी, आणि अध्यक्ष मागच्या सीटवर, मांडीवर पाण्याचे रिकामे डबे घेऊन. माझ्या मागे दोरीने बांधली मलईबाई. सगळा क्लब पाहत होता. मला इतका आनंद झाला की अंगात मस्ती चढली. तिला एक चांगला दणका द्यावा असे वाटले. निम्म्या वाटेवर मी कारण नसताना खाडकन थांबले. दोरीला बांधलेली मलईबाई मागून येऊन माझ्यावर आदळली आणि काच फुटल्याचा आवाज आला.

फुटला तो तिचा डावा दिवा. म्हणजे माझा. डॉक्टरीणबाईंनी दर सकाळी आपल्या रुमालाने पुसलेला.

पोरांनो, सुडाच्या भरात मारायला जावे, तर लागते कुठे याचा नेम नसतो. त्यानंतर मी गेटपर्यंत सरळ चालले.

गेटपाशी सेक्रेटरीबाईंनी यादी उघडली. त्यांनी नियम शेवटपर्यंत वाचला. दोरीने आलेली गाडी बाहेर. स्वतःच्या चाकांवर आली तीच क्लबची. “अध्यक्षसाहेब, दोरी सोडा. हिरवी गाडी आत येईल. आणि क्लबची गाडी कापता येत नाही.”

अध्यक्षांनी मान खाली घालून दोरी सोडली. बाकीच्या गाड्या संध्याकाळपर्यंत एकेक करून मीच ओढून आणल्या आणि सगळ्या गेटाबाहेर लावल्या. यंदाच्या मेळाव्याच्या फोटोत गेटाच्या आत एकच मोटार आहे, डोळे नसलेली आणि धुळीने माखलेली. सरबत साध्या टेबलावर दिले गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष बादली आणि फडके घेऊन एकटेच आले. माझे छप्पर पुसता पुसता म्हणाले, “चुकलं माझं. मावशीला शब्द दिला होता.” मग त्यांनी दार उघडायला हात घातला. ते उघडेना. त्यांनी ओढले, ढकलले, घामाघूम झाले. वेल्डरबाई जवळच उभी होती.

“साहेब, बिजागऱ्या सुकल्यात. महिनाभर रोज तेल घाला, मग बघू.”

“महिनाभर?”

“नऊ वर्षं नाही घातलं ना!”

त्यांनी ते खरोखर घातले. माझा उरलेला दिवा परत आणला, दुसरा शोधून बसवला. आता दर रविवारी ते मला फिरवतात. दार उघडते. पण प्रत्येक फेरीत दोन-तीनदा, भर रस्त्यात, मी बंद पडते. मागून लोक हॉर्न वाजवतात. अध्यक्ष चिडत नाहीत. उतरतात, पाणी बघतात, तेल बघतात, हँडल मारतात. मी अजून त्यांना माफ केलेले नाही. मागच्या रविवारी मात्र घरून निघण्यापूर्वीच त्यांनी पाणी पाहिले, तेव्हा मी एकदाच, तेही उतारावर, जिथे हँडलसुद्धा मारावे लागत नाही, बंद पडले.

मित्रांनो, जे तुमच्यासाठी वर्षानुवर्षे राबले, ते एखाद्या कोपऱ्यात खोकी अंगावर घेऊन उभे असेल, तर आजच जाऊन ती खोकी उतरवा. सायकल असो, शिवणयंत्र असो, नाहीतर कुणी माणूस असो. उशिरा गेलात तरी माफी मिळते म्हणा. पण ती एका बादलीभर पाण्यात मिळत नाही. त्यासाठी दर रविवारी यावे लागते.