ओतलेला शब्द

टक्.

चुलीवरच्या पत्र्यावर एका कालवाने तोंड उघडलं आणि तेवढ्याशा आवाजाने दोघी बायका दचकल्या. सकाळपासून घरात कुणी बोललंच नव्हतं. युजेनी धगीशी बसून उघडलेली कालवं सुरीने सोडवत होती. तिची नणंद जॉर्जेत दारातल्या लाकडी घडवंचीवर बसून दातकाडी चघळत होती आणि भावजयीच्या पाठीकडे बघत होती.

"बघ," जॉर्जेत म्हणाली, "धग लागली की कालवंसुद्धा तोंड उघडतात. तू कशाची घडलीयस गं?"

"वन्सं, सुरी देऊ का? बसल्या बसल्या चार सोलाल तरी."

"मला सुरी नको, जबाब हवाय. देवराईच्या मोठ्या आजीचा दोनदा निरोप आला. परवा सहावा दिवस, विसाव्याचा, जमिनीला फावडं लावायचं नाही, गावातल्या सगळ्या बायका मोकळ्या. तू येणार की नाही?"

"माझी कालवं झिगेंशोरच्या बाजाराला जायचीत परवा."

"कालवं कुठं पळून चालली नाहीत. माझा भाऊ चाललाय."

हे खरं होतं. जंगलातला तळ पावसाआधी मोडणार होता. उरलेले लढवय्ये दक्षिणेला, सीमेपलीकडे निघाले होते आणि एकदा पलीकडे गेलेला माणूस परत येत नाही, हे एसांगे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आम्पाला पलीकडे जायचं नव्हतं. त्याला घरी यायचं होतं. पण त्याला अडवून ठेवलं होतं ते सैन्याने नव्हे, जंगलातल्या सेनापतीनेही नव्हे. बायकोने.

आठ वर्षांपूर्वी गावातले सहा पुरुष एकाच सकाळी जंगलात गेले. देश स्वतंत्र झाला तो राजधानीपुरताच, आपल्या भातखाचरांपर्यंत काही तो पोचला नाही, असं जुनी माणसं म्हणत. तरुणांनी ते मनावर घेतलं. आपला मुलूख वेगळा करायचा, असं ठरलं. जगाला या लढाईचा पत्ता नव्हता. ताडीच्या झाडांआड ती वर्षानुवर्षं चालू राहिली, कधी भडकली, कधी विझल्यासारखी झाली.

जाणाऱ्या माणसासाठी बायकोने किंवा आईने बायकांच्या देवराईच्या तोंडाशी असलेल्या दगडावर ताडी ओतायची असते. ओतताना म्हणायचे शब्दही ठरलेले : गोळी चुको, साप चुको, पाय घराकडे वळो. पाचजणींनी तेवढंच म्हटलं. युजेनीने तेवढंच म्हटलं नाही.

चारच दिवसांपूर्वी तिचा भाऊ बेनुआ ताडी काढायला गेला होता आणि पायवाटेवरच्या सुरुंगाने त्याला उडवलं होतं. सुरुंग सैनिकांनी पुरला की जंगलातल्यांनी, कुणालाच माहीत नव्हतं. रीतीप्रमाणे तिरडी चौघांच्या खांद्यावर चढली आणि गावच्या म्हाताऱ्याने मेलेल्यालाच विचारलं. 'हो' असेल तर तिरडी पुढे धावते, 'नाही' असेल तर मागे सरते.

"बेनुआ, हे सैनिकांनी केलं का?"

तिरडी जागची हलली नाही.

"आपल्याच माणसांनी?"

हलली नाही. तीनदा विचारलं, तरी चौघांचे पाय जमिनीत रोवल्यासारखे. शेवटी म्हातारा म्हणाला, "त्याला सांगायचं नाही. राहू द्या."

युजेनीला राहू देता आलं नाही. एकोणीस वर्षांची पोर ती. देवराईच्या दगडावर ताडी ओतताना तिने गावादेखत म्हटलं, "हा मुलूख मोकळा झाल्याशिवाय या माणसाचा पाय माझ्या उंबऱ्याला लागू नये." आम्पाने वळून तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तो चालू लागला. आपल्या पोटात सिबेत आहे, हे तेव्हा तिला कळलेलंही नव्हतं.

ताडीवर दिलेला शब्द माती पिते. ज्याने ओतला त्यानेच तो उचलायचा, दुसऱ्या कुणाला ते जमत नाही. शेजारच्या गावचा एकजण शब्द न सोडवताच घरी आला. वर्षाच्या आत त्याचं पोट फुगलं आणि तो गेला. डॉक्टरने काविळीचं काहीतरी सांगितलं. डॉक्टरला सांगू द्या.

त्या सहांपैकी दोघे जंगलातच संपले. तिघांसाठी ओतलेले शब्द साधेच होते, ते एकेक करून परतले. एकाने आता गावात सायकली दुरुस्त करायचं दुकान घातलंय. राहिला आम्पा.

आणि राहिला म्हणजे तरी कसा? दर पावसाळ्यात युजेनीच्या सर्वांत लांबच्या खाचराचा बांध कुणीतरी बांधून जायचं. खारं पाणी आत शिरण्याआधी, ती पोचण्याआधी. पहिल्या वर्षी तिला वाटलं, दिराने केलं असेल. मग तिने चिखलातल्या फावड्याच्या खुणा नीट पाहिल्या. सगळ्या डावीकडून पडलेल्या. आख्ख्या एसांगेत डावखुरा माणूस एकच. उंबऱ्याला पाय लावायचा नाही, असा शब्द होता. बांधाचं कुणी काही बोललं नव्हतं. ती बांधावर बसून रडली होती आणि मग घरी येऊन कुणालाही काही बोलली नव्हती.

"आत्या, मला एक!" सिबेत शाळेतून धावत आली ती थेट टोपलीपाशी. पुढचे दोन दात पडलेले, वेण्या सुटलेल्या. जॉर्जेतने एक कालव फुंकर मारून तिच्या तोंडात घातलं.

"आत्या, बाबा येणारेत का? सायकलवाले काका म्हणाले."

"मला काय विचारतेस? दरवाजाची किल्ली तुझ्या आईकडे आहे."

"वन्सं!"

"काय खोटं बोलले? बोल ना."

युजेनीने लेकीला गुडघ्यांत ओढलं आणि वेण्या सोडायला घेतल्या. बोटांना कालवांचा वास होता. सिबेतने नाक मुरडलं, पण हलली नाही. मऊ, कुरळे केस. अगदी बेनुआसारखे. युजेनीने एक वेणी घातली, दुसरी घातली, आणि तिसरी घालता घालता नणंदेकडे न बघताच म्हणाली, "ताडी ताजी लागेल. शिळी चालत नाही."

जॉर्जेतने दातकाडी थुंकली. "मी काय शिळी आणणार होते? मेली, आठ वर्षं जीव खाल्लास माझा!" आणि पदराने डोळे पुसायच्या ऐवजी तिने सिबेतचंच तोंड खसाखसा पुसलं.

सहाव्या दिवशी देवराईच्या तोंडाशी गावच्या बायका जमल्या. आत काय होतं ते बायका सांगत नाहीत, तेव्हा ते इथेही सांगायचं नाही. पण दगड राईच्या बाहेर आहे आणि दगडापाशी जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं. पुरुष लांब, मोठ्या सावरीच्या मुळांवर बसून राहिले होते.

मोठी आजी दगडामागे बसली होती. तिचं खरं नाव कुणी घेत नसे. खारकेसारखी सुकलेली, तोंडात विझलेली चिलीम. तिने मानेने खूण केली. युजेनीने ताडीने भरलेला वाळका भोपळा उचलला आणि तो हातातच राहिला.

"आजी, मुलूख काही मोकळा झालेला नाही."

"मला दिसतंय. एक डोळा शाबूत आहे अजून."

"मग मी काय म्हणू? खोटं बोलू?"

"खोटं बोल असं कोण म्हणतंय? दिलेला शब्द परत घे. चूक झाली म्हण, नाहीतर कंटाळले म्हण. मातीला सगळं चालतं."

मागे कुणीतरी हसलं. युजेनीला हसू आलं नाही.

"आणि बेनुआला काय सांगू? तो फुकट गेला म्हणून सांगू?"

आजीने चिलीम तोंडातून काढली. "बेनुआने काही मागितलं होतं तुझ्याकडे? चौघांच्या खांद्यावर होता. तीनदा विचारलं त्याला. गप्प राहिला. मेलेल्या माणसाला गप्प राहायचा हक्क असतो, पोरी. त्याच्या वतीने तू बोललीस."

आठ वर्षं युजेनीला वाटत आलं होतं की तिने भावाचा शब्द धरून ठेवलाय. "मग तेव्हाच का नाही अडवलंत मला?" ती ओरडली. "इथंच बसला होतात तुम्ही! या दगडापाशी!"

बायका चपापल्या. मोठ्या आजीशी अशा आवाजात कुणी बोलत नाही. आजीने मात्र चिलीम दगडावर ठेवली.

"कारण मलाही तेव्हा तेच हवं होतं," ती म्हणाली. "माझाही पोरगा त्याआधी असाच मेला होता. तू बोललीस आणि मला बरं वाटलं. मी मान हलवली होती. आठवतंय का तुला?"

युजेनीला आठवलं.

आजी दगडाला धरून उठली. उठायला तिला वेळ लागला. तिने आपला सुरकुतलेला हात भोपळ्याखाली धरला. "चल. मान माझी होती, तेव्हा हातही माझा लागू दे."

"मी पण," जॉर्जेत पुढे घुसली. "मी तेव्हा टाळ्या पिटल्या होत्या."

तीन हातांत तो भोपळा चांगलाच डगमगला आणि निम्मी ताडी जॉर्जेतच्या पायावर सांडली. उरलेली दगडावर पडली.

"माझा शब्द मी उचलते," युजेनी म्हणाली. आवाज फाटला, म्हणून तिने पुन्हा म्हटलं. "मुलूख मोकळा होवो न होवो. आम्पा घरी येवो."

मातीने ताडी पिऊन टाकली. फेस तेवढा थोडा वेळ राहिला. बायकांनी हातातल्या ताडाच्या दांड्या टिपऱ्यांसारख्या वाजवायला सुरुवात केली आणि सावरीखालचे पुरुष उभे राहिले.

तो तिसऱ्या दिवशी भर दुपारी आला. एकटाच, हातात काही नाही, पायांत टायरच्या वहाणा. केस कानांपाशी पांढरे झालेले. उंबऱ्यापाशी येऊन थबकला आणि उंबऱ्याकडे असा बघत राहिला, जसा सुरुंग शोधणारा माणूस वाटेकडे बघतो.

"येऊ का?" त्याने विचारलं.

"आजीने सांगितलं नाही का तुला?"

"सांगितलं. पण तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"ये," युजेनी म्हणाली. मग तिला वाटलं, हे फारच कमी झालं. "भात निवतोय."

त्याने आधी डावा पाय आत टाकला. काहीच झालं नाही. कोंबडी आरडत बाजूला झाली, एवढंच. तो चुलीपाशी बसला आणि कालवं घातलेला भेंडीचा रस्सा भातावर घेऊन जेवू लागला. हळूहळू, प्रत्येक घासाला दाराकडे नजर टाकत. तिसऱ्या घासाला नजर दाराकडे जायची थांबली.

"खालच्या बांधाला खेकड्यांनी भोकं पाडलीत," तो म्हणाला. "यंदा तो मुळापासून घ्यायला हवा."

"दिवसाढवळ्या घे यंदा."

त्याने मान वर केली. "तुला माहीत होतं?"

"डावखुऱ्याचं काम लपतं होय?"

तो हसला. वरचा एक दात नव्हता. खांबाआडून हे सगळं पाहणारी सिबेत एकदम बाहेर आली आणि त्याच्या तोंडाजवळ जाऊन बारकाईने बघू लागली.

"तुमचा पण पडला?"

"माझा पाडला."

"नवीन येतो. माझा येतोय, बघा." तिने ओठ वर करून दाखवला. त्याने बोट पुढे केलं आणि मध्येच थांबवलं. मग सिबेतनेच ते धरून हिरडीला लावलं. युजेनी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेली आणि रांजणापाशी उगाचच उभी राहिली.

सकाळी तो लांब दांड्याचं फावडं खांद्यावर टाकून खाडीकडच्या खाचरात गेला. उजेडात, सगळ्या गावासमोरून. वाटेत दोघातिघांनी हाक मारली, एकाने मारली नाही. युजेनी आणि सिबेत न्याहारी घेऊन मागून निघाल्या. सिबेतचं दप्तर पाठीला होतं, तिला तिथूनच पुढे शाळेत जायचं होतं. लांबवर आम्पा पाण्यात गुडघाभर उभा राहून चिखलाचे गोळे बांधावर टाकत होता. सायकलवालाही आपलं फावडं घेऊन त्याच्या शेजारी उतरला होता.

"आई, बाबा लढायला गेले होते ना?"

"हो."

"आणि आता लढाई संपली ना त्यांची?"

"त्यांची संपली."

सिबेत थोडा वेळ बांधावरून तोल सांभाळत चालली. मग थांबली, आईचा हात घट्ट धरला आणि वर बघितलं.

"मग आपण जिंकलो की हरलो? शाळेत विचारतील मला."