दहा वेढे

बेळगावजवळच्या मच्छे गावात जयाबाईच्या गुटीला नाव होतं. गल्लीत कुणाच्याही घरी बाळ जन्मलं की बाराव्या दिवसानंतर पाऊल जयाबाईच्या उंबऱ्याकडं. वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, बदाम, जायफळ, एकेक घेऊन सहाणेवर दुधात उगाळायचं आणि प्रत्येकाचे वेढे मोजायचे. वेढा म्हणजे सहाणेवरून एक पूर्ण गोल. वेखंडाचा एक, मुरडशेंगेचे दोन, जायफळाचा एक, फार तर दीड. हे सगळं तिच्या बोटांत होतं, कागदावर कुठं न्हाय. आणि बाई मानी. गुटीत कुणी काही सुचवलं की भुवई अशी वर जायची की सुचवणारीनं गपगुमान वाटी उचलून घरचा रस्ता धरावा.

अशा बाईची सख्खी नात मात्र रात्री झोपेना. चिन्मयी सात महिन्यांची, गुटगुटीत, अंगावर पिणारी. दिवसा शहाण्यासारखी खेळायची आणि रात्र झाली की दर दीड तासाला हजर. छातीला लावलं की चार घोट पिऊन डोळे मिटायची, खाली ठेवलं की परत भोंगा. सून मंगल उद्यमबागेत एका कंपनीत चेकिंगला होती. लोखंडी तुकडे मापायचे, केसाएवढा फरक दिसला तरी बाजूला काढायचे. बाळंतपणाची रजा संपत आलेली, सोमवारी सकाळी साडेसहाच्या बसनं तिला कामावर जायचं होतं. मुलगा आदर्श फाउंड्रीत, त्या आठवड्यात रात्रपाळीला. म्हणजे सगळी रात्र या दोघी बायकांवर.

मंगलचे डोळे खोल गेलते. गुरुवारी आमटी ढवळता ढवळता तिला उभ्यानंच डुलकी लागली आणि मनगट तापल्या पातेल्याला टेकलं. त्यावर कोरफड लावून घेताना ती हळूच म्हणाली, "आत्या, जायफळ जरा वाढवून बघूया काय?" सासूला ती आत्याच म्हणायची.

"माझं मला कळतंय," जयाबाई म्हणाली. "चार पोरं वाढवल्यात मी."

मंगल परत आमटीकडं वळली. घरात तो विषय तिथंच मिटला.

रविवारी संध्याकाळी जयाबाई सहाणेपुढं बसली. समोर मंगल उद्याच्या कामाचा निळा कोट घडी करत होती, तो तसाच मांडीवर राहिला आणि मान छातीवर पडली. जयाबाईला पोरीची लई कीव आली. पण कीव आली म्हणून कबूल करून मोकळी होईल ती जयाबाई कसली. तिनं जायफळ उचललं आणि एक वेढा, दोन वेढे करत दहावर थांबली. एकदा तरी पोरीला रात्रभर झोप मिळू दे. कुणाला सांगायची गरजच काय?

सोमवारी पाचला मंगल स्वयंपाकघरात आली ती हसतच. सात महिन्यांत असा चेहरा जयाबाईनं बघितला नव्हता. "आत्या, रात्रभर उठली न्हाय बघा पोर."

जयाबाईला ते ठाऊक होतं. चार वाजता ती स्वतःच उठलेली. पाळण्यात वाकून बघितलं, नात गाढ झोपलेली. आपल्या हाताचं कौतुक करत तिनं दुपटं सारखं केलं आणि परत येऊन पडली.

तेवढ्यात मंगलचा हात छातीकडं गेला. ब्लाऊज दोन्ही बाजूंनी भिजलेला, छाती दगडासारखी झालेली. तिचं हसू अर्ध्यावर राहिलं. "नऊला पाजलेलं," ती म्हणाली. "आठ तास झाले की."

दोघी एकदमच पाळण्याकडं धावल्या. मंगलनं उचललं तर चिन्मयीचा हात खाली लोंबला. गाल तापलेले, ओठ कोरडे. तळपाय चोळले, ओला कपडा कपाळावर ठेवला, नावानं हाका मारल्या. मंगलनं छातीला लावलं, तर दूध नुसतं पोरीच्या गालावरून ओघळून खाली गेलं. श्वास तेवढा चालू होता.

जयाबाईला सहाणेवरचं जायफळ आठवलं. सांगावं? पण दहा वेढ्यांनी असं होत न्हाय. गल्लीतल्या मालुबाईच्या नातवाला एकदा आठ दिलते, सकाळी उठून दुधासाठी घर डोक्यावर घेतलं त्यानं. म्हणजे हे दुसरंच काहीतरी. ताप असंल, बाधलं असंल काहीतरी. या विचाराला बाईनं घट्ट धरलं.

शेजारच्या भावकूनं रिक्षा काढली. बेळगावच्या वाटेवर पहिल्या पाळीची माणसं मोटारसायकलींवरून उद्यमबागेकडं चाललेली. मंगलची कंपनी आली, मागं पडली, तिनं मान वर केली न्हाय. पोरीच्या नाकाखाली बोट धरून ती बसलेली. जयाबाईच्या जिभेवर शब्द आलता. उद्यमबाग गेली की सांगते, असं ती मनाशी म्हणाली. मग रेल्वेचं गेट गेलं की. गेटही गेलं, दवाखाना आला, आणि शब्द तोंडातच राहिला.

लहान मुलांची डॉक्टरीण तरुण होती. तिनं चिन्मयीच्या पापण्या उघडून बॅटरी मारली, छाती ऐकली, नर्सला सलाईन तयार ठेवायला सांगितलं. मग वळून विचारलं, "बाळाला काय दिलंय?"

"गुटी," मंगल म्हणाली.

"गुटीत काय? अफू आहे का? असेल तर औषध वेगळं, ते आत्ताच द्यावं लागेल. तुमच्यावर ओरडायला विचारत नाहीये. काय दिलं आणि किती दिलं, मला कळायला पाहिजे."

मंगल फरशीकडं बघत होती. पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं. ही आपल्याला भ्यायली, जयाबाईला वाटलं. गुटीचं सासूला विचारायची हिची छाती न्हाय, आणि तिकडं पोर हातची चाललीय. लाज गेली खड्ड्यात.

"अफू न्हाय, बाई. जायफळ," जयाबाई म्हणाली. "दहा वेढे. काल सात वाजता, माझ्या हातानं. हिला यातलं काही ठाऊक न्हाय."

"दहा वेढे म्हणजे किती?"

आयुष्यात पहिल्यांदा जयाबाईला कुणीतरी हे विचारलं होतं. तिनं टेबलावर बोटं टेकवून गोल फिरवून दाखवलं, दाब केवढा तेही दाखवलं. करंगळीच्या नखावर किती गंध उतरतं ते दाखवलं. डॉक्टरिणीनं मान हलवली. "एवढ्यानं एवढी गुंगी यायची नाही. आणखी काहीतरी पोटात गेलंय."

"न्हाय हो. देवाशपथ न्हाय."

"मी पण दिलंय," मंगल म्हणाली.

आवाज इतका बारीक की डॉक्टरिणीनं परत विचारलं. मग मंगल सांगत गेली. नऊ वाजता, काढलेल्या दुधातनं. जायफळ खिसणीवर खिसून, अर्धा चमचा. केसाएवढा फरक पकडणारी पोरगी, आणि अर्धा चमचा अंदाजानं घातला तिनं.

जयाबाई सुनेकडं बघत राहिली. "मला न सांगता?"

"तुमी देणारच न्हाय असं वाटलं," मंगल रडत म्हणाली. "तुमी म्हटलासा, माझं मला कळतंय."

म्हटलेलं खरंच. तेच शब्द, त्याच तोऱ्यात. तेव्हा नुसतं 'व्हय गं, बघूया' म्हटलं असतं तर हे घडलंच नसतं.

डॉक्टरिणीनं दोन्हीची बेरीज लिहून घेतली, अफूचं औषध बाजूला ठेवायला सांगितलं आणि सलाईन लावलं. यावर उतारा नाही, म्हणाली, अंमल उतरेपर्यंत श्वासावर नजर ठेवायची. रात्रपाळी संपवून आदर्श तसाच काळ्या हातांनी आला. झालं ते त्याला जयाबाईनंच सांगितलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला. आठ वाजले, नऊ वाजले. काचेतून पोरीची छाती वर-खाली होताना दिसत होती, आणि ती जरा थांबल्यासारखी वाटली की जयाबाईचाही श्वास थांबायचा.

साडेअकराला चिन्मयीनं पाय झाडला. मग तोंड वाकडं करून घोगरं, बारीक रडली. तो आवाज ऐकताच मंगलचा पदर भिजला. नर्सनं पोर तिच्याकडं दिली आणि चिन्मयी अशी लुचली की आईनं डोळे घट्ट मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी घरी सोडताना डॉक्टरीण म्हणाली, "अंगावरचं बाळ या वयात रात्री उठतंच. दिवसा पोटभर पाजा, संध्याकाळी खिमट भरवा. रोज ठरल्या वेळी दिवा मालवा आणि पूर्ण झोपायच्या आत पाळण्यात ठेवा. झोप हळूहळू लांबेल. घाई करून लांबवायची नाही." मंगलनं कंपनीत फोन करून चार दिवस वाढवून घेतले.

संध्याकाळी मालुबाई नातवाला कडेवर घेऊन वाटीसकट दारात आली. "जयाक्का, गुटी दे गं." हात दुखतोय म्हटलं असतं तरी भागलं असतं. मंगल आतून बघत होती.

"माझ्या हातची गुटी आता कुणाला न्हाय, मालू," जयाबाई म्हणाली. "माझी नात जाता जाता राहिली गुटीपायी. तूही त्याला देऊ नको." मालुबाई वाटी घेऊन तशीच उभी राहिली. उजाडेपर्यंत गल्लीभर होणार, हे जयाबाईला पक्कं ठाऊक होतं.

त्या रात्री आठला दिवा मालवला. जागीच असलेल्या चिन्मयीला पाळण्यात ठेवून जयाबाई तिच्या पोटावर हात ठेवून बसली. पोर कुरकुरत झोपली. साडेनऊला उठली, प्याली, झोपली. अकराला परत उठली. पुढच्या वेळी मात्र दीड तास उलटला तरी चाहूल न्हाय. एक वाजला, सव्वा वाजला. अंधारात जयाबाई पाळण्याची दोरी धरून बसलेली, कान सगळे त्या श्वासाकडं. आतल्या खोलीत मंगलची बांगडी वाजली, म्हणजे तीही जागीच.

पाळण्यात चुळबुळ झाली, आणि मग चिन्मयीनं खणखणीत भोकाड पसरलं.

"आत्या, उठली काय?" आतून मंगलनं विचारलं.

"उठली गं बाई, उठली," म्हणत जयाबाईनं नातीला उराशी धरलं आणि तिच्याहून मोठ्यानं रडायला लागली.