दिवाणाची बाजू

रविवारी सकाळी नंदकुमार सायकलला पुस्तकांच्या दोन पिशव्या अडकवून कोपरखैरण्याच्या नव्या वसाहतीत घरोघर फिरायचा. आठवडाभर तळोज्याच्या केमिकल कंपनीत नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी हे फिरतं वाचनालय. लोक म्हणत, हौसेला मोल नसतं. खरं तर त्याची हौस एकाच दारापुरती उरली होती.

ते दार वैजयंतीचं. जवळच्या बोनकोड्याच्या शाळेत शिक्षिका, घरी आजारी वडील, लग्न राहून गेलेलं. सारी वसाहत तिला ताई म्हणे. नंदकुमारच्या जिभेवर तो शब्द काही केल्या येईना, म्हणून तो मॅडम म्हणायचा.

तिला खलनायक आवडायचे. "नायकाला सगळं आयतं मिळतं," ती म्हणायची. "हवं असणं म्हणजे काय, ते खलनायकाला विचारा." उंबरठ्याच्या आत ती, बाहेर पिशवी धरून हा, आणि वाद रंगायचा. पुराणातल्या असुराला वर मिळाला की तो माततो, त्याची भूक संपतच नाही. परदेशी नाटकातल्या दुष्टाला स्वतःसाठी काही नकोच असतं, दुसऱ्याचं सुख तेवढं बघवत नाही. आणि आपल्या जुन्या कादंबऱ्यांतला कारस्थानी कारभारी?

"त्याचा कधीतरी अपमान झालेला असतो," ती म्हणे.

"कारणं काय, चोराला पण असतात, मॅडम. दुष्ट तो दुष्टच."

मग तिने तीन खंडांची एक कादंबरी मागितली. त्यातला दिवाण राणीला येणारे सगळे निरोप अडवतो. का, ते तिसऱ्या खंडात कळतं. दुसरा खंड परत देताना ती म्हणाली, "वडिलांचं दुखणं वाढलंय. तिसरा वाचला की वर्गणी बंद करते." तिसरा खंड पिशवीतच होता. नंदकुमारच्या तोंडून निघून गेलं, "दुसरीकडे गेलाय. आला की देतो."

त्यानंतर दर रविवारी ती विचारायची आणि हा थाप मारायचा. वर दिवाणाची वकिलीही करायचा. "वाईट नसेल हो तो. निरोप पोचला की ती जाईल, ही भीती असेल त्याला." बोलता बोलता याचे कान तापायचे. तिनं एकदा आत बोलवावं, चहा विचारावा, असं इतकं वाटायचं की घरी गेल्यावर जेवण जायचं नाही.

दिवाळीनंतर तिचे वडील गेले. वैजयंतीने सांगलीला भावाकडे जायचं ठरवलं. सामान भरलेला टेम्पो खाली उभा असताना नंदकुमारने तिसरा खंड तिच्यापुढे धरला.

"माझ्याकडेच होता, मॅडम. मीच दडवला."

"माहीत होतं," ती म्हणाली. "तिन्ही खंड मी कॉलेजातच वाचलेत."

"मग दर रविवारी विचारत का होतात?"

"तुम्ही दडवत का होतात?"

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.

"दिवाण शेवटी राणीला मनातलं सांगतो तरी," ती म्हणाली आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. काच खाली करून तिने थोडा वेळ वाट पाहिली.

नंदकुमारला सगळं सांगायचं होतं. तोंडून निघालं, "पोचल्यावर कळवा."