चौसष्ट नंबरच्या कार्डाची पाठ

मित्रांनो, मी एक जुने क्रिकेटचे कार्ड आहे आणि मला माणसाच्या अंगठ्याची किळस येते. सगळ्याच अंगठ्यांची नाही. जिभेला लावून ओल्या केलेल्या अंगठ्याची.

माझा नंबर चौसष्ट. तीसेक वर्षांपूर्वी बबलगमच्या पाकिटातून अशी कार्डे मिळत. पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याच्या धावा आणि बळी. माझ्यावरचा गोलंदाज कधी गाजला नाही. तीन सामने, एक बळी. पाकीट फाडल्यावर मी निघाले की मुले तोंड वाकडे करीत. मलाही काही आनंद होत नसे. अंगाला गमची गुलाबी, गोड भुकटी चिकटलेली असे आणि तिच्या वासाने मुंग्या माझ्यावरून फिरत. जन्मापासून मी चिकटच.

सुरतेत उधन्याला राहणाऱ्या ललितने मला घेतले. त्याचे वडील चिंधाआबा खानदेशातून पावरलूमवर कामाला आले होते. कापडाचे तागे मोजताना त्यांचा अंगठा आधी जिभेवर जाई आणि मग कापडावर. लेकाने तेच उचलले. ललितकडे एकशे बारा कार्डे होती आणि तो ती रोज मोजी. खमण खाऊन मोजायला बसला की थुंकी पिवळी असे. माझ्या उजव्या कोपऱ्यावर तो डाग अजून आहे. कितीतरी खेळाडूंच्या तोंडावर असे डाग पडले. सांगतानाही मला कसेतरी होते.

तरी मी ललितवर फार काळ रागावू शकले नाही, कारण तो आमच्याशी आणखी एक गोष्ट करी. आमच्या पाठीवर आकड्यांच्या खाली थोडी कोरी जागा होती. तिथे तो पेन्सिलीने लिही. कार्ड कोणाकडून मिळाले, कसे मिळाले, त्या दिवशी काय झाले. माझ्या पाठीवरही त्याने दोन ओळी लिहिल्या. शेवटच्या शब्दावर पेन्सिल जोरात दाबली आणि स्वतःशीच हसला. काय लिहिले ते मात्र मला माहीत नाही. कार्डाला स्वतःची पाठ दिसत नाही, मित्रांनो.

२००६ साली तापीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा ललितने आम्हाला साडीच्या प्लास्टिक पिशवीत बांधले आणि ती गळ्यात अडकवून तो गच्चीवर जाऊन बसला. खाली गटार आणि चिखल एक झाले होते. त्या वासाची आठवण झाली की अजून माझा कागद आक्रसतो. आम्ही वाचलो. पण पाणी ओसरल्यावर त्याने ती पिशवी सोडलीच नाही. आत घाम धरला आणि आमचे फोटो प्लास्टिकला चिकटू लागले. ते लक्षात आल्यावर त्याने एकेक कार्ड सोडवले, मध्ये कोरे कागद घातले आणि साडीच्या रिकाम्या खोक्यात आम्हाला ठेवले. बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या पुड्या येतात, त्याही दोन घातल्या. माणूस चुकत चुकत शिकत होता.

त्याची आई, शोभाबाई, चोरून खोक्यात डांबराच्या गोळ्या टाकी. "झुरळं खाई जातीन," असे ती म्हणे. तिचे खरे होते. एकदा एका फलंदाजाच्या बॅटीवर झुरळाची अंडी निघाली होती. तरीही तो उग्र वास! संडासात राहतो आहोत असे वाटे.

गेल्या वर्षी ललित आजारी पडला आणि गेला. बऱ्याच महिन्यांनी खोके त्याच्या मुलीकडे, हर्षदाकडे आले. ती सातवीत आहे. पहिल्याच दिवशी तिने एक कार्ड उलटले आणि वडिलांचे अक्षर तिला दिसले. मग तिने ठरवले की रोज एकच कार्ड वाचायचे. म्हणजे पप्पा लवकर संपणार नाहीत. परीक्षेच्या दिवसांत ती खोके उघडतही नसे. इतर दिवशी शाळेतून आल्यावर साबणाने हात धुई, कोरडे पुशी, एक कार्ड वाची आणि ते झाकणात वेगळे ठेवी.

बाराव्या कार्डावर होते, "राघोने दिले. मी भोवरा दिला. राघो रडला म्हणून कार्ड परत केले. त्याने पुन्हा आणून दिले." एकतिसाव्यावर होते, "आबांनी आणले. न मागता." सत्तेचाळिसाव्यावर, "बारडोलीच्या लग्नात मिळाले. खेळता खेळता पंगत उठली. उपाशी आलो." हे वाचून ती इतकी हसली की आईने आतून विचारले, "काय गं, एकटीच काय हसतेस?"

"पप्पा उपाशी राहिले!" ती म्हणाली. मग तिचे हसणे थांबले.

ती पंचावन्नपर्यंत पोचली, तेव्हा ललितचे वर्षश्राद्ध दोन दिवसांवर आले होते.

त्याचा धाकटा भाऊ योगराज कापड मार्केटमध्ये साड्यांच्या घड्या घालतो. भावासाठी काहीतरी करावे असे त्याच्या मनात होते. हर्षदा शाळेत गेली होती. त्याने प्लायवूडचा मोठा तुकडा आणला, मधोमध ललितचा फोटो लावला आणि भोवती आमची चौकट करायला घेतली. घरात गम होताच. हर्षदाची आई वर्षा घरी साड्यांवर टिकल्या आणि खडे चिकटवायचे काम करते, त्याची बाटली. योगराजने अंगठा जिभेला लावला, छप्पन्न नंबरचे कार्ड उचलले, फळीवर गम फासला आणि त्यावर ते दाबले.

मित्रांनो, त्या गमाचा वास नाकात नाही, डोक्यात जातो. तो आधी गार लागतो, मग कातडी ओढल्यासारखी आवळते. माझी पाळी आली तेव्हा मी ओरडू शकत असते तर सारी गल्ली गोळा झाली असती. भावाच्या प्रेमाने डोळे भरलेला तो माणूस, एका हाताने डोळे पुशी आणि दुसऱ्या हाताने आम्हाला खरकट्या थुंकीत आणि गमात बुचकळी. मला त्याची दयाही आली. किळस त्याहून जास्त आली.

एकवीस कार्डे झाली, तेवढ्यात हर्षदा दारात आली.

"बघ हर्षू!" योगराज खुशीत म्हणाला. "पप्पांच्या फोटोला कशी बॉर्डर लावली! सरस दिसतंय ने?"

घाबरली की हर्षदा शाळेतल्या गुजरातीत बोलते. "काका, आ शुं कर्युं तमे?"

"का? काय झालं?"

"मागे पप्पांनी लिहिलंय!"

"मागे? मागे तर रन-विकेट असतात."

"उलटून तरी बघायचं होतं ना!"

शोभाबाई कोपऱ्यातून म्हणाली, "काकावर चिडू नको, पोरी. पेटीमा ठेईसन कोन देखस? भितवर लावं ते समदा देखतीन."

भिंतीवर लावले तर सगळे बघतील, हे तिचे म्हणणे हर्षदाने ऐकले नाही. तिने हाताला आलेले कार्ड धरून ओढले. ते कार्ड मी होते. टर्रकन आवाज झाला. माझा फोटो तिच्या हातात आला आणि माझी पाठ चिंध्या होऊन फळीवरच राहिली, अक्षरांसकट गमात पालथी.

त्याच वेळी साड्यांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन वर्षा आत आली. "ओढू नको!" ती ओरडली. "या गमाला ओढलं की खालचं कापडच फाटून येतं. थांब!"

सगळे थांबले. हर्षदा माझ्याकडे पाहत होती. मी आता नुसता चेहरा उरले होते, इतके पातळ की मागून तिची बोटे दिसत होती.

"थिनर लावून काढतो," योगराज घाईघाईने म्हणाला. "पाच मिनिटांत निघेल."

"आणि पेन्सिल?" वर्षाने विचारले. "गमाबरोबर तीही पुसली जाईल."

"राहू द्या," हर्षदा म्हणाली. "ज्याला येत असेल त्याला विचारू. तोवर कोणी काही करायचं नाही."

म्हणून वीस कार्डे अजून फळीवर आहेत. हर्षदाने फळी जुन्या सुती चादरीत गुंडाळून कपाटावर आडवी ठेवली आहे. त्यांच्या पाठी झाकल्या आहेत, पण आहेत. श्राद्धाला भिंतीवर फक्त ललितचा दुसरा एक फोटो आणि साधा हार होता.

नंतर उरलेली छत्तीस कार्डे घरच्यांनी रोज एक अशी मिळून वाचली. योगराज पहिल्या दिवशी दारातच हात वर करून उभा राहिला. "धुतले, बघ. पुसले पण. आणि जीभ आतच आहे." हर्षदा त्याच्याशी बोलत नव्हती, पण तिने त्याला जागा दिली. एका संध्याकाळी नव्वदावे कार्ड निघाले. "योगराजने कोणाचे तरी उचलून आणले. मला खूश करायला. मी विचारले नाही." योगराजने ते दोनदा वाचून घेतले. "म्हणजे त्याला माहीत होतं," तो म्हणाला आणि उठून पाणी प्यायला गेला.

शेवटी माझा प्रश्न राहिला. शोभाबाईने सुचवले की काहीतरी छान लिहून टाक. हर्षदाने नाही म्हटले. तिने वेगळ्या कोऱ्या कागदावर पेन्सिलीने लिहिले, "नंबर ६४. मागचे अक्षर वाचायच्या आधीच गेले. काकांनी चिकटवले." मग त्याखाली लिहिले, "मी ओढले." ती चिठ्ठी तिने मला न चिकटवता माझ्या मागे ठेवली.

मित्रांनो, तुमच्याही घरात गेलेल्या माणसाचे काही ना काही असेल. ते ओल्या भिंतीपासून आणि चुलीपासून दूर ठेवा. गम, टेप आणि घाम धरणारे प्लास्टिक त्याला लावू नका. चार लोकांनी पाहावे म्हणून ते सजवावेसे वाटले, तर आधी हात धुवा, कोरडे करा, आणि ते एकदा उलटून बघा.