खंड दुसरा, पान दोनशे चौदा

"बाबा, तो दुसरा खंड तुम्हाला कुठं मिळाला होता?"

सूनबाईने हे विचारलं तेव्हा मी दाढी करत होतो. ब्लेड गालाला लागलं.

"ग्रंथालयात. आणखी कुठं?" मी आरशाकडेच बघत म्हणालो.

"ह्यांना काल काय जेवले ते विचारू नकोस," आतून बायको म्हणाली, "पण पान नंबर खुशाल विचार."

दोघी हसल्या. मीही हसलो.

सूनबाई संग्रहालयात काम करते. वस्तूंशेजारी माहितीचे फलक असतात, ते ती लिहिते. तीन दिवसांनी तिथे मुलांसाठी नवं दालन उघडणार होतं आणि त्याची सगळी मांडणी तिने माझ्या कादंबरीवरून केली होती. आयुष्यात मी एकच कादंबरी लिहिली. तिच्यात प्राचीन संस्कृती माणसांसारख्या वागतात. थोरली सुमेर, सगळ्याची नोंद ठेवणारी आणि सगळ्यांना हिशोब विचारणारी. मधली इजिप्त, नटवी, मरणाची तयारी जन्मापासून करणारी. आणि धाकटी सिंधू, कमी बोलणारी, विटेला वीट जुळवत बसणारी.

एकतीस वर्षं मी ग्रंथालयात सूचीकार होतो. पुस्तक आलं की त्याचं कार्ड करायचं आणि ड्रॉवरमध्ये लावायचं, एवढंच काम. त्यामुळे कादंबरीत बहिणी कल्पनेतल्या असल्या तरी त्यांच्या हातातली प्रत्येक वस्तू मी पडताळून घेतली होती. विटांचं माप, मण्यांचा रंग, थोरलीच्या थडग्यांत खरोखर सापडलेले धाकटीकडचे मणी. फक्त एक गोष्ट सोडून. शेवटच्या प्रकरणात धाकटी थोरलीला एक पेटी पाठवते. तिच्यात थोरलीच्या लिपीत लिहवून घेतलेली मातीची पाटी असते: "नदी दूर गेली. आता माझ्याकडून मणी येणार नाहीत."

हे मला सुचलं होतं. अख्ख्या पुस्तकात माझं स्वतःचं असं तेवढंच. आणि तेच मला लटकं वाटायला लागलं. कुणी विचारलं, हे कशावरून, तर मी काय सांगणार? म्हणून मी खाली तळटीप दिली. ही पाटी उत्खननात सापडली आहे. पाहा, उत्खनन अहवाल, खंड दुसरा, पान दोनशे चौदा.

असा खंड नाही. अहवाल एकाच खंडात संपतो.

तळटीप कुणी उघडून बघत नाही हे मला नोकरीनेच शिकवलं होतं. बारा वर्षं कुणी बघितलीही नाही. पण मागच्या आठवड्यात दालनाची चाचणी म्हणून शाळेचा एक वर्ग आणला होता. तळटीपेसकट पाटीचा फलक वाचून एका मुलीने संचालकांना विचारलं, "खरी पाटी बघायला कुठं जायचं?" संचालकांना उत्तर देता आलं नाही. त्यांनी सूनबाईला विचारलं, सूनबाईने मला.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. तोंडाला फेस होता, रक्त येत होतं, एवढं निमित्त मला पुरलं.

दुपारी बायको बाहेर गेल्यावर मी कपाटातली जुनी कोरी कार्डं काढली. पुस्तक हरवलं की त्याच्या कार्डावर लाल शाईने 'गहाळ' लिहायची आमची पद्धत होती. ते अक्षर माझंच असायचं, त्यामुळे नक्कल करायचीही गरज नव्हती. टाइपरायटरवर अहवालाचं नाव टंकलं, खंड दुसरा टंकलं, तिरपं 'गहाळ' लिहिलं. मग कार्ड चहाच्या पाण्यात बुडवून खिडकीत वाळवलं. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी हे करत होतो. आणि खरं सांगतो, काम नीट झाल्याचं थोडं समाधानही वाटलं. त्याची लाज मला आज सगळ्यात जास्त वाटते.

ग्रंथालयात मला अजून कुणी अडवत नाही. कार्ड जागेवर लावलं आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सूनबाईला तिथे बोलावलं.

"तूच बघ," मी म्हणालो आणि बाजूला उभा राहिलो.

तिने ड्रॉवर ओढला, बोटांनी कार्डं मागे टाकत गेली आणि थांबली.

"सापडलं! अरेरे, बाबा, गहाळ झालाय हो."

"असं होतं कधी कधी," मी म्हणालो.

तिने मोबाइलवर फोटो काढला. जाताना म्हणाली, "तुम्ही उन्हातनं उगाच आलात माझ्यासाठी."

उद्घाटनाच्या आदल्या सकाळी ती मला दालन दाखवायला घेऊन गेली. संचालक बुटके, हसरे गृहस्थ होते. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. फोटो मोठा करून बघितला.

"गहाळ आहे म्हणजे होता. झालं तर मग. मॅडम, संदर्भ स्वतः पडताळला आहे असं या कागदावर लिहा आणि सही करा. उद्या कुणी विचारलं तर आपल्याकडे काहीतरी हवं. तुमच्या सासऱ्यांचं पुस्तक म्हणजे डोळे झाकून विश्वास, पण पद्धत ती पद्धत."

"त्यात काय," सूनबाई म्हणाली. तिने पेनाचं टोपण काढलं. एक ओळ लिहिली. खाली नाव लिहायला लागली.

ते नाव नऊ वर्षं आमच्या घराच्या दारावर आहे.

"थांब," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं. "थांब. तो खंड नाही."

"गहाळ आहे ना, माहितेय."

"नव्हताच. पाटीही नाही. मी रचली."

संचालकांनी आधी माझ्याकडे, मग तिच्याकडे बघितलं. "मी जरा आत जाऊन येतो," म्हणाले आणि दार हळूच लावून गेले. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

सूनबाईने कागद फाडला नाही. दोनदा घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"आणि कार्ड?"

"तेही मीच."

"म्हणजे ड्रॉवर मी माझ्या हाताने उघडावा म्हणून तुम्ही बाजूला उभे राहिलात."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी जीभ गप्प बसेना. "शेवटी गोष्टच आहे गं ती. संस्कृती काय खऱ्या बहिणी असतात?"

"बाबा, बहिणी खोट्या आहेत हे त्या पोरीला कळत होतं. तिने विचारलं का, सुमेरबाई कुठं राहतात म्हणून? तिने पाटी विचारली. कारण खाली पान नंबर होता." तिचा आवाज चढला नव्हता. "पाटी मला सुचली एवढं लिहिलं असतंत, तर मी ती तशीच लावली असती. कौतुकाने लावली असती."

हे मला कधी सुचलंच नव्हतं.

तिने स्क्रूड्रायव्हर आणला, फलकाचे चारही स्क्रू काढले. मी खालून धरायला गेलो तर म्हणाली, "राहू द्या." भिंतीवर चार भोकं उरली.

"आणखी कुठं कुठं केलंय?"

"कुठंच नाही. एवढंच. शपथ सांगतो."

"ते मला आता तुमच्या तोंडून नको."

तिने वही काढली आणि दालनाच्या दारापाशी गेली, पहिल्या फलकाकडे. एकूण सव्वीस होते.

"विटांचं माप. एकास दोन, दोनास चार. कुठं वाचलंत?"

मी पुस्तकाचं नाव सांगितलं, पान सांगितलं. खरं होतं. तिने ते लिहून घेतलं नाही. पेन हातात धरून ती तशीच उभी राहिली.

"पुस्तक इथं, संग्रहालयाच्या ग्रंथालयात आहे?"

"आहे. वरच्या मजल्यावर."

"घेऊन या. पान उघडून दाखवा."

मी जिना चढायला लागलो.